किळसेची प्रतवारी

१९८४ साली सौंसरच्या बौद्ध मोहल्ल्यातली नाली तुंबून हापशीच्या ओट्यावर चढली, तेव्हा देवीदास गजभिये यांनी सरकारच्या घृणा-निवारण योजनेत रीतसर अर्ज केला. देवीदास कारकून होते, त्यामुळे कागदावर त्यांचा भारी विश्वास. मोहल्ल्यातली निम्मी लेकरं ओकत होती आणि त्यांच्या लेकीला, छायाला, एकदा सलाइन लागून झालं होतं.

अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. योजना परदेशी मदतीची, म्हणून फॉर्म इंग्रजी. सातव्या रकान्यात घृणेची प्रत लिहायची होती आणि देवीदासांनी तिथे 'लय किळस येते' असं लिहिलं होतं. कार्यालयाचा शेरा होता: 'भावना पोहोचली. शब्द पाठवा.'

देवीदास विनायक मास्तरांकडे गेले. मास्तरांचा इंग्रजीवर इतका जीव, की शिवीसुद्धा ते डिक्शनरी पाहून देत.

"डिसलाइक म्हंजे कारल्याची भाजी," मास्तर म्हणाले. "अ‍ॅव्हर्जनमंधी माणूस मान फिरवते, डिस्गस्टमंधी तोंड वाकडं करते, रिपल्शनमंधी मांगं सरकते. नॉशिया म्हंजे पोटातलं वर येणं. तुमचं काय होऊन राहिलं?"

"सारंच होऊन राहिलं, गुरुजी."

"एकच लिहा. सरकारले एका टायमाले दोन भावना नाही झेपत."

देवीदासांनी 'नॉशिया' लिहिलं. कार्यालयानं अधिकाऱ्यासमक्ष ओकल्याचा दाखला मागितला. 'डिस्गस्ट' लिहिलं, तर वाकड्या तोंडाचे तीन फोटो हवे, तिन्हींत तोंड सारखंच वाकडं. शेवटी 'रिपल्शन'वर जमलं. पंचांसमक्ष किमान दोन फूट मागे सरकायचं, तेही अधिकाऱ्यानं; अर्जदार तिथेच राहतो, म्हणजे त्याला सवय झालेली असणार, असं नियमच सांगत होता.

पाहणीला रवींद्र साहेब आले. पंच विनायक मास्तर, आणि मोजायचा टेप घेऊन कार्यालयातले मुकुंद बाबू. साहेबांनी नालीच्या काठावर उभं राहून एक संत्रं सोललं, साली नालीत टाकल्या आणि सगळं संत्रं निवांत खाल्लं. इंचभरही हलले नाहीत.

"एवढं काही नाही दिसून राहिलं," ते म्हणाले.

केस हातची गेलीच होती. तेवढ्यात त्यांची बायको कमल चहा घेऊन बाहेर आली. दारात आलेल्या माणसाला तसंच धाडणं तिला जमत नसे.

"घ्या जी साहेब. गुरुजी, तुमीबी घ्या."

साहेब झटक्यात मागे सरकले. मास्तरांचं तोंड वाकडं झालं. मुकुंद बाबूंनी मान फिरवली, पण टेप सोडला नाही. कर्तव्यात कसूर नको.

"आमचं आत्ताच झालं," तिघं एकदमच म्हणाले.

"कप धुतले हायेत जी," कमल म्हणाली. देवीदासांना मान वर करवेना.

"तीन फूट एक इंच," मुकुंद बाबू बोलले. "रिपल्शन सिद्ध. कारण काय लिहू, साहेब?"

सरकारी कागदावर खोटं कसं लिहायचं? साहेबांनी 'कपबशी' लिहायला सांगितलं.

पुढचं काम सरकारला न शोभेल इतक्या वेगानं झालं. आठव्या दिवशी दोन शिपाई आले, घृणेचं कारण म्हणून तिन्ही कपबशा जप्त केल्या आणि पावती देऊन गेले. फाइल बंद झाली. नाली आहे तिथेच आहे, आणि छाया पुन्हा दवाखान्यात.

वाचकहो, वाचून तुम्हालाही चीड आली असेल. तुम्ही काही त्या साहेबांसारखे नाही. मग एकदा देवीदासांकडे याच. कमलनं नव्या कपबशा आणल्या आहेत, आधणही ठेवलं आहे. घेणार ना अर्धा कप?