जंतूंच्या गॅसवरचा चहा

कोणतीही वस्तू आधी वाया गेल्याशिवाय तिचा सदुपयोग करता येत नाही, हे शासनाचं मूलभूत तत्त्व आहे. धामणगाव बढे येथील सहकारी डाळ गिरणीचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. तूर भिजवून उरलेलं धुवण गिरणीमागच्या नालीत येई आणि मंजुळाबाईंची म्हैस ते पिऊन टाकी. गिरणी रीतसर चालू असूनही तिच्यापाशी सांडपाणी असं काही शिल्लकच राहत नव्हतं.

राज्य नवंकोरं होतं, त्या काळात सांडपाणी-जंतू-हायड्रोजन योजना गावात आली. तत्त्व सोपं. जंतू सांडपाणी खातात, हायड्रोजन सोडतात, तो जळतो आणि धूर होत नाही. योजना आणणारे विस्तार अधिकारी नारायणराव पुण्याचे. ते जंतूंबद्दल इतक्या आदराने बोलत की ऐकणारे आपोआप सावरून बसत. गिरणीचे अध्यक्ष हिंमतराव तर भारावूनच गेले. मंजुळाबाई त्यांच्याच पत्नी आणि म्हैसही त्यांचीच. पण अध्यक्षाने घरचं बघायचं नसतं. टाकी बांधण्यात आली, झाकण बसवण्यात आलं, जंतूंची मागणी वर पाठवण्यात आली आणि म्हशीला नालीबंदी करण्यात आली.

गिरणीच्या दारावर नियम लागले. टाकीजवळ मोठ्याने बोलू नये. झाकण उघडू नये (जंतूंना हवा सोसत नाही). वराती मागच्या गल्लीने न्याव्यात. जंतूंना नावं ठेवू नयेत. गाव गुणी निघालं. भांडणारेसुद्धा टाकीपाशी आले की शिव्या पुटपुटत आणि पुढे गेल्यावर बाकीच्या पूर्ण करत.

इकडे म्हैस आटत चालली. दोन वेळचं दूध एका वेळेवर आलं, मग वाटीवर, मग तेही गेलं. हिंमतरावांच्या चहावर साय तरंगायची, तो चहा काळा झाला. याचं त्यांना फार वाईट वाटलं, पण अध्यक्ष म्हणून त्यांनी ते गिळलं.

"म्हशीले काय पाजू मी?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"राज्य पुढं जाऊन राह्यलं," हिंमतराव म्हणाले.

"जाऊ द्या ना. पण म्हैस उपाशी काऊन?"

या मुद्द्यावर योजनेत तरतूद नव्हती.

उद्घाटनाला शेगडी, पातेलं आणि मान्यवर मांडण्यात आले. नारायणरावांनी तोटी फिरवून काडी लावली. काही दिसलं नाही.

"शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिसत नाही," ते म्हणाले. (हे शास्त्राप्रमाणे जवळजवळ खरं आहे, हीच तर पंचाईत.) टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने चहा झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

मंजुळाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पातेल्याला तळहात लावला. "थंड हाय," त्या म्हणाल्या. "इचारा यायले."

पहिला कप हिंमतरावांच्याच हातात होता. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. थंड म्हणावं तर टाकी जाणार, अध्यक्षपद जाणार. पण म्हशीला धुवण मिळणार आणि साय परत येणार. हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. मग चहा बशीत ओतला आणि त्यावर हळूच फुंकर मारली.

पाठोपाठ सगळ्या मान्यवरांनी फुंकर मारली. एकाने तर जीभ पोळल्याचं सांगितलं. म्हैस पुढच्याच बाजारात विकली गेली आणि मंजुळाबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. योजना यशस्वी झाली.

हिंमतरावांना हसण्याआधी वाचकांनी एक ध्यानात घ्यावं. जंतूंची मागणी वर पाठवण्यात आली, एवढंच वर लिहिलं आहे. जंतू आले, असं कुठेही लिहिलेलं नाही. (ते अद्याप मंजुरीत आहेत.) तरी टाकीचे नियम वाचताना आपण एकदाही विचारलं नाही, की आत आहे कोण.