तीन हात रंग आणि एक क्रांती

भिंतीवरचा कागद उतरला आणि रशियाचा इतिहास भिंतीवरच राहिला, तेव्हा घरमालकाच्या पाहणीला तीन दिवस उरले होते.

कागद लावला होता नेत्राच्या सासऱ्यांनी. साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले दीनानाथ मार्च २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला मुलाकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे सव्वा वर्ष तिथेच राहिले. दर मंगळवारी ते जुन्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन व्याख्यान देत. सध्याचा विषय होता रशियन जनतेचा राजकीय इतिहास. त्यासाठी प्रिंटरचे कागद एकमेकांना चिकटवून त्यांनी हॉलमध्ये बारा फुटांची कालरेषा केली होती. झार काळ्या मार्करने, १९१७ पासून पुढचं सगळं लाल. मार्कर पक्क्या शाईचे होते आणि शाई कागदातून आरपार गेली होती, हे कागद काढेपर्यंत कुणाला कळलं नाही.

"बाबा, हे काय आहे?" नेत्राने विचारलं.

"भयंकर इव्हानची कारकीर्द," दीनानाथ म्हणाले. "जरा फिकट उमटलीये."

"अहो, शनिवारी मिस्टर कॅव्हना येतायत! करार रिन्यू करायचाय. ते नाही म्हणाले तर अख्ख्या डब्लिनमध्ये घर मिळणार नाही आपल्याला."

"टूथपेस्ट लावून बघ," तिचा नवरा देवदत्त लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला. "यूट्यूबवर आहे."

टूथपेस्टने इव्हानपासून पीटरपर्यंतचे सगळे झार एकमेकांत मिसळले. मधला अराजकाचा काळ तर हातभर पसरला.

गुरुवारी रंग आणला. पांढरा. भिंत मुळात सायीच्या रंगाची होती, हे पांढरा लावल्यावर दिसलं. एकच भिंत वेगळी नको म्हणून चारही रंगवल्या. हॉल उजळला तसा जिना कळकट दिसायला लागला. जिना झाला, मग वरच्या दोन खोल्या. शुक्रवारी देवदत्तने आजारपणाची रजा टाकली.

काळे झार दुसऱ्या हाताखाली गेले. लाल मजकूर गुलाबी झाला. तिसऱ्या हातानंतर बाकी सगळं गेलं, पण '१९१७' तेवढं रंग वाळता वाळता सावकाश वर आलं.

"दबून राहायची नाही क्रांती," दीनानाथ म्हणाले. "झारने काय कमी प्रयत्न केले?"

"बाबा, तो ब्रश द्या इकडे. आणि प्लीज, उद्या एक शब्दही बोलू नका."

शेवटी पुस्तकांचं कपाट क्रांतीपुढे उभं केलं.

शनिवारी मिस्टर कॅव्हना मास्क लावून, सर्वांपासून दोन मीटर राखून घरभर फिरले. जिन्याच्या कठड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला.

"ग्रँड. अगदी ग्रँड," ते म्हणाले. "आता खरं सांगतो. घर विकायचं माझ्या मनात आहे. एजंट म्हणाला, आधी रंगवून घ्या. पण रंगारी पुढच्या वर्षाशिवाय मिळत नाहीत, म्हणून म्हटलं, तोवर तुम्ही राहा. वर्षाचा करार आणलाय सोबत." त्यांनी कोटाचा खिसा थोपटला. "पण हे बघून वाटतं, सोमवारीच एजंटला फोटो काढायला बोलवावं."

देवदत्तने नेत्राकडे पाहिलं. नेत्राने कपाटाकडे. दीनानाथ, सांगितल्याप्रमाणे, गप्प होते.

"एक मिनिट," नेत्रा म्हणाली. तिने कपाटाला खांदा लावला आणि ते बाजूला सारलं.

मिस्टर कॅव्हनांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "हे काय?"

"रशियन राज्यक्रांती," नेत्रा म्हणाली. "बाबा, बोला आता."

दीनानाथ वीस मिनिटं बोलले. भूदासांपासून सुरुवात केली, १९०५ च्या गोळीबारावर जरा थांबले आणि शेवटी भिंतीवर आले. "तीन हात दिले," ते म्हणाले. "तरी परत येतेय."

मिस्टर कॅव्हनांनी नखाने आकडा खरवडून पाहिला. "याला आधी वेगळं अस्तर लागेल. हे तुमचं काम नाही, रंगारीच पाहिजे. आणि रंगारी..."

"पुढच्या वर्षाशिवाय मिळत नाहीत," देवदत्त म्हणाला.

मिस्टर कॅव्हनांनी सुस्कारा सोडून खिशातला करार काढला.

ते गेल्यावर दीनानाथ सुनेजवळ आले. "चुकलं हं माझं. मंगळवारी १९९१ आहे. या वेळी डबल कागद लावतो."

नेत्राने ड्रॉवरमधून लाल मार्कर काढून त्यांच्या हातात ठेवला.

"सिंगलच लावा," ती म्हणाली. "आणि जरा जोर देऊन लिहा."