मंडळाची एकुलती शाल

अध्यक्ष महोदय, तुम्ही माझ्या मायच्या अंगावरून शाल उतरवून नेलीत. तुमच्या वार्षिक अहवालात हे येणार नाही, म्हणून मीच लिहितो.

मी महागू, रामपायलीचा. आठवी पास. राईस मिलमध्ये धान तोलतो, बाकी सगळं स्वतःच वाचलेलं. बालाघाटच्या तुमच्या मराठी मंडळानं ‘एका शब्दाची गोष्ट’ सांगायला बोलावलं, तेव्हा गावभर सांगून आलो की आता शहराला मराठी मी शिकवणार! मायलाही सोबत नेलं. मायनं, म्हणजे दुर्गाबाईनं, त्यासाठी ठेवणीतलं लुगडं काढलं.

मी ‘खजील’ निवडला. म्हणालो, आपली चूक आपल्याच ध्यानात आली की मान आपोआप खाली जाते, ते खजील होणं. शब्द अरबीतून फारसीत गेला, तिथून मराठीत आला. बिचारा एवढ्या दुरून आला, पण मोठ्या माणसांकडे त्याला अजून काम मिळालं नाही. लोक हसले. तुम्ही घड्याळ पाहिलंत.

मग शाल, श्रीफळ, फोटो. पडद्यामागे तुमचे सचिव देवेंद्रजी हात पुढे करून उभे. मला वाटलं, भाषणानं भारावले! मी तो हात दोन्ही हातांत धरून चांगला हलवला आणि निघालो.

बसमध्ये माय कुडकुडत होती, तिला शाल पांघरली. तिनं ती दोनदा चाचपली आणि शेजारणीला सांगितलं, “माह्या पोराले भेटली.”

वैनगंगेच्या पुलाअलीकडे बस करकचून थांबली. पुढे देवेंद्रजींची मोटारसायकल आडवी.

“काय चोरलं जी काकाजीनं?” कंडक्टरनं विचारलं. अख्खी बस माझ्याकडे पाहू लागली, धानाच्या पोत्यातून निघालेल्या उंदराकडे पाहावं तशी.

देवेंद्रजी धापा टाकत खिडकीशी आले. “महागूजी, शाल वापस करनी पड़ती है. मंडळाची एकच आहे. पुढचे सत्कारमूर्ती स्टेजवर बसून राह्यले. नारळ ठेवा, नारळ तुमचाच.”

मी तोंड उघडायच्या आत मायनं शाल काढली. मांडीवर नीट घडी घातली, सुरकुती हातानं मोडली आणि खिडकीतून दिली.

“घ्या जी साहेब. त्या माणसाले थंडी वाजत असन.”

रामपायलीपर्यंत तिनं मान वर केली नाही. उतरताना एवढंच विचारलं, “आपलं काही चुकलं काय रे?”

नारळ अजून फोडलेला नाही. अध्यक्ष महोदय, शब्दाचा अर्थ मी तुम्हाला माईकवरून सांगितला होता. मग मान माझ्या मायची काहून खाली गेली? लेखी उत्तर द्या.