गजभियेभाऊंचा ऑफ-सीझन

शाळा बदलून गेलेल्या मुलीचं नाव घेताना गजभियेभाऊ आधी 'कालकथित' म्हणतात, कैलासवासी म्हणावं तसं.

मला हे कळलं ते ऑकलंडमधल्या पापाकुराजवळच्या हॉकीच्या टर्फवर. आमची इरा नुकतीच कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीममध्ये आली होती. न्यूझीलंडमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. टीमचे मॅनेजर मराठी आहेत असं ऐकलं, म्हणून ओळख करून घ्यायला गेले. पिवळा रेनकोट घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस गोलपोस्टची जाळी ओढून बघत होता.

"जय भीम ताई," ते म्हणाले. "तुमची पोरगी लेफ्ट हाफला खेळणार. तिथं आधी कालकथित सोफी होती."

शाळकरी मुलगी. मी आवाज खाली आणून विचारलं, "काय झालं होतं तिला?"

"काय होणार जी. घर बदललं. बॉटनी डाउन्सच्या बाजूला खेळून राहिली आता." जाळीची एक गाठ त्यांनी पुन्हा आवळली. "चांगली खेळते. मागच्या मॅचला आपल्यावरच गोल टाकला तिनं."

भाऊ मूळचे नागपूरचे. नोकरी पुलांची तपासणी करण्याची. खांबाला तडा कुठे गेलाय, तो वाढतोय की तसाच आहे, हे बघत दिवस काढायचा. स्वतः आयुष्यात हॉकीची स्टिक धरलेली नाही. मुलगी प्राची खेळायची, तिच्यामागे मैदानावर आले. प्राची मोठी झाली, पर्थला गेली, भाऊ मैदानावरच राहिले. का राहिले हे कुणी विचारलं नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही.

हिवाळ्यात, म्हणजे सामने चालू असताना, ते चारचौघांसारखे असायचे. संत्र्यांच्या फोडी, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा माउथगार्ड हरवला तर जादाचा. सप्टेंबरात शेवटचा सामना झाला की बाकीचे पालक हुश्श करायचे. भाऊंचा सीझन त्या दिवशी सुरू व्हायचा. कोण शाळा सोडणार, कुणाच्या वडिलांना ब्रिस्बेनला नोकरी लागतेय, कुणाचा घोटा अजून सुजलेला आहे. फेब्रुवारीतल्या निवड चाचणीपर्यंत त्यांना धड जेवण जात नसे, असं त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी सांगायच्या.

एकदा त्यांचा फोन आला. "ताई, बसल्या आहात का?" तेव्हा माझी आई पुण्यात हॉस्पिटलमध्ये होती. मी खरंच बसले. "आपली गोलकीपर ऑस्ट्रेलियाला चालली," भाऊ म्हणाले. मी त्यांना फोनवरच झापलं. त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांचा प्रत्येक फोन असा सुरू व्हायला लागला: "ताई, घरचं काही नाही, हॉकीचं आहे. पण बसून घ्या."

माणूस भेटला की ते आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघत. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये सगळे मांडी घालून बसले, की भाषणाकडे यांचं लक्ष नाही. कोण उठताना हात टेकतंय, ते बघत राहायचे. ट्रॅम्पोलिनशी त्यांचं उभं वैर होतं. ख्रिसमसच्या सुट्टीत खेळाडूंच्या घरी केक घेऊन जायचे, परसात डोकवायचे, आणि ट्रॅम्पोलिन दिसलं की घरमालकाला अत्यंत नम्रपणे विचारायचे, "हे घडी होते का जी?" गोऱ्या पालकांना ते हेच इंग्रजीत विचारत. "ऑल गुड, मिस्टर जी," म्हणून ते हसत आणि केक ठेवून घेत.

मग मेरेआनाचं प्रकरण झालं.

मेरेआना आमची सेंटर हाफ. माओरी मुलगी, आमच्या मागच्या रस्त्यावर तिच्या आजीकडे राहायची. सगळे तिच्या आजीला नॅनच म्हणायचे. मेरेआना बोलायची कमी. बॉल तिच्याकडे आला की मैदानावरच्या बाकीच्यांना एकदम वेळ मिळायचा, एवढंच मला कळायचं. नोव्हेंबरात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या खाजगी शाळेनं तिला बोलावलं. स्कॉलरशिप, हॉस्टेल, स्वतःचं टर्फ, पगारी कोच. ती भाऊंना सांगायला आली तेव्हा आम्ही दोघं बॉल गोळा करत होतो.

"सॉरी, मिस्टर जी," ती म्हणाली.

"ओके," भाऊ म्हणाले आणि बॉल उचलत राहिले.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग रबरी चपला फटफटवत पार्किंगकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी तिच्या नावाला तो शब्द लावला. एरवी मी हसले असते.

"भाऊ, एवढी चांगली संधी आहे," मी म्हणाले. "पोरीचं भलं होतंय तर दोन शब्द चांगले बोलायचे होते."

"तिकडं तिला कोण ओळखते ताई?"

मला वाटलं, टीम मोडली म्हणून हा माणूस कुढतोय. मी विषय सोडून दिला.

फेब्रुवारीत नव्या शाळेच्या सराव शिबिरात मेरेआनाचा गुडघा गेला. इराच्या फोनवर बातमी आली आणि मी भाऊंना सांगायला गेले. ते गॅरेजमध्ये किटच्या बॅगा धूत होते.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा. आतलं लिगामेंट तुटलंय म्हणे."

"कोणाचा धक्का लागला?"

"कुणाचाच नाही. पळता पळता वळली, तेवढंच."

भाऊ ओल्या बॅगेवरच बसले.

नव्या शाळेनं काही वाकडं केलं नाही. फुलं पाठवली, छान कार्ड पाठवलं. तिच्या जागेवर दुसरी मुलगी आली. पुढच्या वर्षीच्या स्कॉलरशिपबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. ऑपरेशनची वाट बघत हॉस्टेलच्या जिन्यांवरून कुबड्या घेऊन चढउतार करण्यात काही अर्थ नव्हता. ईस्टरच्या सुमाराला मेरेआना नॅनकडे परत आली आणि आमच्याच कॉलेजात पुन्हा बसायला लागली. सुरुवातीला टीममधल्या मुली चिप्स घेऊन तिच्याकडे जायच्या. मग सामने सुरू झाले, रोजचा सराव सुरू झाला, आणि जाणं आपोआप कमी झालं. इराही त्यातलीच.

भाऊ मेरेआनाच्या घरापर्यंत जायचे, गाडीत बसून राहायचे आणि परत यायचे. हे मला वहिनींनी सांगितलं. एका रविवारी वहिनींनीच त्यांच्या हातात खिरीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "आता डबा रिकामा झाल्याशिवाय घरी येऊ नका." नॅननं दार उघडलं, भाऊंकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "टुक युअर टाइम." मग बाजूला होऊन त्यांना आत घेतलं.

त्या दिवसापासून मेरेआनाच्या नावाआधीचा तो शब्द गेला. बाकीच्यांचा राहिला. ऑपरेशन झालं आणि भाऊ तिला दर आठवड्याला फिजिओकडे न्यायला लागले. त्यासाठी ऑफिसातून अर्धी रजा टाकायचे. या वयाच्या मुलीशी काय बोलावं हे त्यांना कळत नसे. ते तिला पुलांबद्दल सांगायचे. ती हेडफोन लावायची. पण जायची त्यांच्याबरोबरच.

पुन्हा सप्टेंबर आला. भाऊंची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्या दिवशी मी चालवत होते. भाऊ माझ्या शेजारी, मेरेआना मागे, पाय सीटवर लांब करून. डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. चालता येईल, पोहता येईल, सरळ पळताही येईल. वळायचं काही खेळू नकोस. गुडघा दुसऱ्यांदा गेला तर आयुष्यभराचं दुखणं होईल.

मग ती मागून म्हणाली, "मी जायलाच नको होतं." हे सगळं ती इंग्रजीत, खिडकीकडे बघत बोलत होती. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"नाही," भाऊ म्हणाले. "गुडघा इथंही गेला असता. त्यात तुझी चूक नाही."

"तुमच्या मुलीला पाठवलं असतंत का तुम्ही?"

भाऊ सरळ समोर बघत होते. "पाठवलं होतं," ते म्हणाले. "तिला जायचं नव्हतं. मीच पाठवलं."

प्राचीलाही तसंच बोलावणं आलं होतं, दुसऱ्या एका शाळेकडून. भाऊंना किती आनंद झाला होता, हे सांगताना त्यांचं इंग्रजी अडखळायला लागलं. नागपूरला पेढ्यांसाठी फोन, सगळ्या नातेवाईकांना फोन. हॉस्टेलच्या गेटपाशी तिला सामानासकट सोडलं आणि परत फिरले. आत गेले नाहीत. आपल्या बोलण्याची, आपल्या कपड्यांची तिला लाज वाटेल, असं त्यांना वाटलं. प्राची तिथे दोन वर्षं बेंचवर बसली. कुणाला माहीत नव्हतं की ती पहिली दहा मिनिटं घाबरते आणि मग सुटते. पहिल्या दहा मिनिटांतच तिला बाहेर काढायचे. घरी फोन करून ती सगळं छान चाललंय म्हणायची. भाऊ ते खरं धरून चालायचे. शाळा संपली तशी तिनं स्टिक गॅरेजमध्ये ठेवली. घरात फार दिवस राहिलीच नाही.

"आता रविवारी तिच्या आईला फोन करते," भाऊ म्हणाले. "मी बाजूला उभा राहतो. ऑकलंडला पाऊस आहे का विचारते. ते मी सांगतो."

मेरेआनानं मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. भाऊंनी तो थोपटला नाही, काढायला सांगितला नाही. घर येईपर्यंत हात तिथेच होता.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि त्या दिवशी सांगवली नाही. माझ्या नवऱ्याची नोकरी हॅमिल्टनला लागली होती. तिथं रोटोटुनात घर बघून झालं होतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना एका दमात सांगून टाकलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग भाऊंकडे. भाऊ उठले, स्वतःचा कप विसळला, पालथा घातला. आता काय बोलतात, म्हणून मी बसून राहिले.

"तिकडं कोच कोण आहे?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "मग विचारा ना जी," ते म्हणाले. "आधीच विचारायचं असते."

मे महिन्यात इराचा नव्या टीमकडून पहिला सामना होता. हॅमिल्टनचं धुकं त्या सकाळी उतरायलाच तयार नव्हतं. समोरचा गोलपोस्ट दिसत नव्हता. नव्या मुली घोळक्यानं उभ्या होत्या आणि इरा त्यांच्यापासून चार हात लांब, स्टिकची ग्रिप उगाच सोडत-गुंडाळत. मी गाडीत बसूनच बघत होते, कारण तिनं मला तशी ताकीद दिली होती.

धुक्यातून पिवळा रेनकोट आला. त्याच्यामागून, पाय जपून टाकत, मेरेआना. पापाकुराहून इथवर पोचायला ते अंधारातच निघाले असणार. भाऊ इराकडे गेले नाहीत. आधी कोचकडे गेले, तरुण बाई होती, हातात शिट्टी. मी काच खाली केली.

"हर लेफ्ट अँकल," भाऊ इराच्या घोट्याकडे बोट दाखवून सांगत होते. "थंडीत धरतो. शी विल नॉट टेल यू. तुम्ही विचारा. आणि एकदा चुकली की ती स्वतःच बाहेर यायला बघते. येऊ देऊ नका."

कोच नुसतीच मान हलवत होती, अशा पालकांची सवय असल्यासारखी. भाऊंना ते समजलं असावं. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हळू आणि स्पष्ट. ती खरंच ऐकायला लागेपर्यंत सांगितलं.

मग त्यांनी खिशातून टेपचा रोल काढला आणि ओल्या मैदानावर एक गुडघा टेकून बसले. "पाय दे."

"काका, नॉट हिअर," इरा दबक्या आवाजात म्हणाली. "सगळ्या बघतायत."

"बघू दे ना. कळू दे त्यांना."

सगळ्या मुली खरंच बघत होत्या. इराची मान खाली गेली, कान लाल झाले. मग तिनं बूट काढला आणि पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. मेरेआना शेजारी येऊन उभी राहिली आणि पडू नये म्हणून इरानं तिचा खांदा धरला. भाऊ घाई न करता टेप गुंडाळत राहिले.