रोज तारखेचा मुकदमा

माणूस दारातून आत आला, की त्याची छाती, कंबर आणि लबाडी या तिन्हींचं माप आपण टेप न लावता सांगतो, असं गंगाखेडचा रंगनाथ टेलर चारचौघांत ठासून सांगायचा. त्यामुळं चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये त्यानं मागची खोली मॅट्रिकच्या परीक्षेपुरती बारा दिवस भाड्यानं द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला कसलीच धास्ती नव्हती. गल्लीत सगळेच देत होते. पालमकडची पोरं परीक्षेला गंगाखेडात यायची आणि मिळेल त्या खोलीत पथारी टाकायची.

"बघा बाई," त्याची बायको सुलाबाई म्हणाली, "बिऱ्हाड म्हंजी काय लेंगा न्हाई, बसला न्हाई तर उसवायला!"

"अगं, सोळा-सतरा वर्षाचं पोरगं येणार! भेदरलेलं! त्याला काय लागतंय? एक बादली पाणी अन् एक चटई!"

सोमवारी पोरगं आलं. पोरग्याला खराट्यासारख्या मिशा होत्या! डोक्याला फेटा, वय बेचाळीस, एका हातात लोखंडी ट्रंक आणि दुसऱ्या हातात कंपासपेटी.

रंगनाथनं त्याच्या मागं वाकून पाहिलं. "मुलगा कुठं हाय?"

"कुणाचा?"

"परीक्षेला बसणारा."

पाहुण्यानं दार लोटलं, कडी लावली आणि कुजबुजला, "मीच बसणार हाय, मास्तर. अब्रूचा सवाल हाय!"

पाहुण्याचं नाव किशनराव. पालमच्या पलीकडच्या गावचा, तीस एकरांचा धनी. अठ्ठेचाळीस साली तो परभणीला उर्दू शाळेत मॅट्रिकला होता. तेवढ्यात निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली आणि किशनराव ट्रंक घेऊन घरी आला. गावानं विचारलं, "झालं का मॅट्रिक?" पोरगं दमलेलं होतं. "झालं," म्हणालं. म्हणजे 'संपलं' या अर्थानं! गावानं त्याचा अर्थ 'पास झालं' असा घेतला आणि किशनरावानं तो दुरुस्त केला नाही. तेव्हापासून सव्वीस वर्षं गाव त्याला मॅट्रिकसाहेब म्हणत होतं. तार आली की किशनराव, नोटीस आली की किशनराव! सगळं सुरळीत चाललं होतं. पण गावच्या शाळेत नवे हेडमास्तर आले आणि म्हणाले, "गावातल्या पहिल्या मॅट्रिकचं सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावायचं आहे." किशनराव म्हणाला, उंदरांनी खाल्लं. हेडमास्तर म्हणाले, काळजी करू नका, बोर्डाकडून नक्कल मागवू! आता खरोखर पास होण्यावाचून दुसरा इलाज उरला नव्हता.

"गावात काय सांगून आलाव?" रंगनाथनं विचारलं.

"सांगितलं, गंगाखेडच्या कोर्टात जुन्या जमिनीचा मुकदमा उभा राहिलाय. रोज तारीख हाय. बायकोला बी हेच सांगितलंय. तवा मास्तर, माझी एकच दरखास्त हाय. कुणाला बोलू नका!"

'एकच दरखास्त' हे शब्द रंगनाथला त्यानंतर इतक्या वेळा ऐकायला लागले, की रात्री कूस बदलतानासुद्धा तो दचकायचा.

मंगळवारी सकाळी किशनराव दुकानात येऊन उभा राहिला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. "मास्तर, एक दरखास्त हाय. मशीन जरा बंद ठेवता का? तिच्या खडखडीत माझी सनावळी उसवायलीय."

"अवो, मशीन बंद ठेवली तर मी खाऊ काय?"

"मग इतिहासाच्या पेपरापुरती ठेवा!"

बुधवारी भूमिती निघाली. किशनरावाला वर्तुळाची स्पर्शिका काही केल्या उमगेना. मग रंगनाथला गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून, शिंप्याच्या खडूनं फरशीवर वर्तुळं काढत बसावं लागलं. "हे बघा, हा गळा. ही पट्टी गळ्याला एकाच जागी टेकती. झाली तुमची स्पर्शिका!" किशनरावानं वहीत लिहिलं, 'गळ्याची पट्टी.' ते खोडायला लावण्यात आणखी अर्धा तास गेला.

सगळ्यात मोठी कामगिरी सुलाबाईवर आली. किशनरावाला इंग्रजी स्पेलिंग कुणीतरी तोंडी घ्यायला हवं होतं. "वैनी, तुमी भाकरी थापत ऐका. माझं काही मागणं न्हाई!"

"मला कुठं वाचता येतंय, भाऊजी?"

"तुमी नुसतं बरोबर का चूक तेवढं सांगा!"

आणि आश्चर्य असं, की ती सांगायची! किशनराव चुलीसमोर उकिडवा बसून डोळे मिटून एकेक अक्षर म्हणायचा आणि सुलाबाई तव्यावरची नजर न काढता निकाल द्यायची. "चूक! मधल्या अक्षराला आवाज हलला तुमचा. परत म्हणा!" किशनराव पुस्तकात बघायचा, तर खरंच चूक!

गुरुवारी त्यानं आरशावर कापड टाकायला लावलं, कारण अभ्यास करताना स्वतःच्या मिशा दिसल्या की लाज वाटायची. शुक्रवारी शेजारच्या कोंबड्याला चार दिवस कुठं पाहुणा म्हणून पाठवता येईल का, अशी विचारणा झाली. रंगनाथ दात-ओठ खात होता. पण इंग्रजीच्या पेपराहून परत येताना हा तीस एकरांचा धनी शाळकरी पोरासारखा अंगठ्याची शाई फेट्याला पुसत, "वैनी, सगळी स्पेलिंगं आठवली!" म्हणत धावत आला, तेव्हा रागवावं कसं हेच त्याला कळेना.

शनिवारी मात्र कहर झाला.

त्या दिवशी पेपर नव्हता. किशनराव सुपारी आणायला एसटी स्टँडकडं गेला होता. तो डोक्यावरचा फेटा हातानं सावरत, धापा टाकत, बैल उधळावा तसा दुकानात घुसला.

"मास्तर! एक दरखास्त हाय!"

"आता काय?"

"तुमी वकील व्हा!"

"कधी?"

"आत्ता! मारुतीच्या देवळापाशी आलेत ते!"

ते म्हणजे किशनरावाच्या गावचा माणिकराव आणि त्याची म्हातारी आई चतुराबाई. किशनरावाच्या बायकोनं, तानुबाईनं, नवऱ्यासाठी दशम्यांचं गाठोडं त्यांच्याबरोबर धाडलं होतं आणि पत्ताही दिला होता. पण ते नुसत्या दशम्या द्यायला आले नव्हते. माणिकरावाचा चुलतभावाशी, आश्रुबाशी, बांधावरून नऊ वर्षं दावा चालू होता. नऊ वर्षांत तेवीस तारखा! आणि या किशनरावाला रोज तारीख मिळते? असा कोण वकील आहे, हे बघायला तो आईला घेऊन आला होता.

"अवो, पण मी शिंपी हाय!"

"नुसतं कोट घालून बसा! बोलतो मीच! पाया पडतो, मास्तर!" आणि तो खरोखरच वाकायला लागला.

खुंटीवर काळा कोट होता, हे दुर्दैव. गंगाखेडातल्याच व्यंकटराव वकिलांचा कोट अस्तर बदलायला आला होता. डावी बाही अजून नुसती टाचलेली होती. व्यंकटराव अंगानं उसासारखे आणि रंगनाथ गुळाच्या ढेपेसारखा! सुलाबाईनं मागून ढकललं, किशनरावानं पुढून ओढलं आणि रंगनाथ कसाबसा कोटात शिरला. श्वास आत घेतला तरच गुंडी लागत होती, म्हणून त्यानं तो आत घेतला आणि तसाच बसला. सुलाबाईनं मशीनवर चादर टाकली. तेवढ्यात दारात माणिकराव उभा!

"रामराम, वकीलसाहेब!"

"हं," वकीलसाहेब म्हणाले. श्वास सोडायची सोय नव्हती.

"बघितलंस आई, कमी बोलतेत. मोठा वकील दिसतोय!"

चतुराबाई खाली बसली आणि भिंतीवरच्या कैच्यांकडं बघत म्हणाली, "ह्या कशापायी, बाबा?"

"पुराव्याच्या हायत, काकी!" किशनराव घाईनं म्हणाला. "कापाकापीच्या केशी असत्यात!"

माणिकरावानं आपला दावा मांडायला सुरुवात केली. आश्रुबानं बांध तीन फूट आत सरकवला. मोजणी झाली, फेरमोजणी झाली, तिसरी मोजणी झाली. दर वेळी आकडा वेगळा! आता मापाचा विषय निघाल्यावर गप्प बसेल तो रंगनाथ कसला?

"माप कुणी धरलं होतं?" त्यानं विचारलं.

"एकदा त्याच्या माणसानं, एकदा माझ्या."

"तिथंच चुकलं! माप घेताना एकानं टेप ताणली अन् दुसऱ्यानं ढिली सोडली, की चार बोटांचा फरक पडतोय! दोघांनी मिळून धरा! अन् शिवण कशी असती, माणिकराव? एकाच तुकड्यातनं कापड घेतलं तर आवळती. दोन्हीकडनं अर्धा अर्धा इंच सोडावा लागतो, तवा शिवण बसती! तुमी दीड फूट सोडा, त्यो दीड फूट सोडील. बांध म्हंजी शेवटी दोन शेतांची शिवणच की!"

माणिकराव आ वासून ऐकत राहिला. नऊ वर्षांत असं कुणी बोललंच नव्हतं! चतुराबाईनं डोळ्याला पदर लावला. "आश्रुबाला मी माझ्या हातानं न्हाऊ घातलंय रं. नऊ वर्सं झाली, त्यानं माझ्या दारात पाय न्हाई ठेवला. कोर्टाचं जाऊ दे. त्यो दीड फूट सोड एकदाचा."

रंगनाथलाही गहिवरून आलं. त्यानं आवेशानं डावा हात वर केला, "म्हणून सांगतो..." आणि टर्र! बाही खांद्यापासून सुटली आणि थेट चतुराबाईच्या मांडीवर जाऊन पडली!

"अगं बया! वकिलाचा हात निघाला!"

त्याच क्षणी दारातून खणखणीत आवाज आला. "रंगनाथ, झाला का रे कोट?" दारात साक्षात व्यंकटराव वकील! आणि पुढच्या क्षणी तिघं एकदमच ओरडले.

"माझा कोट!" व्यंकटराव ओरडले.

"माझे वकील!" माणिकराव ओरडला. त्याचा नऊ वर्षांचा दावा व्यंकटरावांकडंच होता!

"मेलो!" रंगनाथ ओरडला. त्याबरोबर इतका वेळ कोंडलेला श्वास बाहेर पडला आणि दोन गुंड्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या उडाल्या.

व्यंकटराव आपल्या अशिलाकडं बघत होते, अशील शिंप्याकडं बघत होतं आणि शिंपी छताकडं. तोंड उघडलं तर किशनरावाची सव्वीस वर्षांची अब्रू जाणार, न उघडलं तर आपलं दुकान जाणार! लबाडीचं माप घेणाऱ्या रंगनाथला घाम फुटला. आता काय बोलावं?

पण बोलला किशनरावच. त्यानं फेटा काढला, आतून घडी घातलेलं हॉल तिकीट काढलं आणि माणिकरावाच्या पुढ्यात ठेवलं.

"मास्तरांची काही चूक न्हाई. मुकदमा न्हाई अन् काही न्हाई. मी मॅट्रिकला बसलोय, माणिकराव. अठ्ठेचाळीस साली राहिलं होतं माझं. इतकी वर्सं खोटं बोललो."

माणिकरावानं तिकीट उलटसुलट करून बघितलं. मग चतुराबाईनं विचारलं, "म्हंजी माझ्या लेकीची पत्रं तू खोटी वाचलीस?"

"न्हाई, काकी! वाचता येतंय मला! पास तेवढा झालो न्हाई!"

"पत्रं बरोबर वाचलीस न्हवं? मग झालं!" म्हातारीनं बाही झटकून रंगनाथच्या हातात दिली. "आन् वकील शिंपी असला म्हणून काय झालं? चांगलं बोलला."

माणिकराव मग असा हसत सुटला, की त्याला इस्त्रीच्या टेबलाला धरून बसावं लागलं. डोळे पुसून तो व्यंकटरावांना म्हणाला, "साहेब, दीड दीड फुटाचं तुमी नऊ वर्सांत एकदा बी कसं बोलला न्हाई?"

व्यंकटराव जोरजोरात खोकले. "कोट उद्या घरी पाठवून दे," असं रंगनाथला म्हणाले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा अशिलाच्या आधी निघून गेले.

जूनमध्ये किशनरावाचं पत्र आलं. माणिकरावानं 'कुणाला सांगणार न्हाई' अशी शपथ घेतली होती, ती परतीच्या एसटीत पिंपळाचं पहिलं झाड लागेपर्यंत टिकली. एसटी पालमला पोचेस्तोवर ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक झालं होतं. बांधावर आश्रुबानं आणि माणिकरावानं मिळून दोरी धरली आणि दावा मागं घेतला. किशनराव गणितात काठावर का होईना, पण पास झाला! त्यानं शाळेपुढं सगळ्या गावाला गोळा करून खरं काय ते कबूल केलं. पण गावानं ऐकून घेतलंच नाही! एक खेप पास झालेला माणूस परत कशाला बसेल, हौस म्हणूनच बसला असणार, असं गावानं ठरवून टाकलं आणि आता त्याला डबल मॅट्रिकसाहेब म्हणायला लागलं.

रंगनाथ हे पत्र सुलाबाईला वाचून दाखवत होता. तिनं ते मान हलवत ऐकलं आणि मग एकदम विचारलं, "तुमी एवढं अडखळत का वाचायलाव?"

"अक्षर वाईट हाय त्याचं."

सुलाबाईनं पत्र हातात घेऊन उजेडात धरलं. "अक्षर तर मोत्यावानी दिसायलंय. आवं, आपल्या लग्नात तुमच्या काकानं सांगितलं होतं, पोरगा सातवी पास हाय. दाखला कुठं ठेवलाय त्यो?"

रंगनाथनं घाईनं एक लेंगा ओढला, मान खाली घातली आणि दोन्ही पाय पायट्यावर ठेवले. मशीन खडखड खडखड धावायला लागली. सुईत दोरा नव्हता.