आकड्यात सांगा की

धनपालअण्णा मगदुमांना ‘काय अण्णा, बरं आहे का?’ असं कुणी विचारलं, की ते क्षणभर स्वतःचा अंदाज घेत आणि म्हणत, ‘‘दहापैकी साडेसहा.’’ मग समोरच्याला विचारत, ‘‘तुमचं?’’ तो ‘चाललंय की’ म्हणाला तर त्यांचा चेहरा पडे. ‘‘चाललंय हा काय आकडा हाय व्हय? आकड्यात सांगा की.’’

आमच्या पेठेत त्यांच्या गोष्टी अजून हसत हसत सांगतात. त्यातल्या निम्म्या मी पसरवलेल्या आहेत. आता अण्णा नाहीत आणि मलाही फार दिवस राहिलेले नाहीत, म्हणून उरलेली गोष्ट सांगून टाकतो.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अण्णांची नोकरी झाली. निवृत्तीनंतरही तो काटा डोक्यातून उतरला नाही. पत्रिकेत ‘दुपारी भोजन’ असं दिसलं की यजमानाला गाठून ‘दुपार म्हणजे किती वाजता?’ म्हणून पिडत. जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवत, पण ‘दिवस मावळायला आलाय’ असं मोघम बोललेलं त्यांना चालत नसे. कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघायची आणि त्याआधी हात धुऊन मोकळं व्हायचं. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरात टोकणारं कुणी नव्हतं.

अशा माणसाच्या हाती आम्ही तरुण मंडळाचा कॉम्प्युटर दिला. मी तेव्हा मंडळाचा सचिव. मंडळाकडे रक्तदात्यांची एक जुनी वही होती. दवाखान्यात कुणाला रक्त लागलं की नातेवाईक आमच्याकडे धावत येत आणि वही बघून कपाळाला हात लावत. वयाच्या रकान्यात ‘थोरल्याचं लगीन झालंय’, वजनाच्या रकान्यात ‘तालमीत होतो तवा नव्वद’, आणि फोनच्या रकान्यात ‘चौकात कुणालाबी इचारा’. अण्णांनी उतारवयात क्लास लावून कॉम्प्युटर शिकून घेतला होता. म्हणाले, ‘‘तात्या, वेबसाइट करतो. फॉर्मात नीट माहिती भरून घेऊ.’’

वेबसाइट झाली. उद्घाटनाला अध्यक्ष बापूसाहेब कीबोर्डपुढे बसले. नाव झालं, वय झालं आणि वजनाच्या चौकटीत ते ‘ऐंशी’ असं अक्षरी लिहायला गेले. काहीच उमटेना. त्यांनी बटणं जोरात बडवली.

‘‘अण्णा, बटणं मेली की तुमची.’’

‘‘बटणं जित्ती हायती. त्या चौकटीत आकड्याबिगर काय शिरत न्हाय. आकडा दाबा.’’

बापूसाहेबांनी आठ दाबला, शून्य दाबलं, आणि हात जड असल्यामुळे आणखी एक शून्य पडलं. आठशे किलो. खोडायला गेले तर खोडायचं बटणही चालेना. अक्षरं अडवण्याच्या भरात अण्णांनी तेही अडवून ठेवलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘बापूसाहेब, काट्यावर गाडीसकट चढलासा व्हय?’’

खोली हसत सुटली. अण्णा तेवढे गंभीर. ‘‘इचार करून दाबायचं असतंय.’’

विनवण्या करकरून खोडायचं बटण मी सुरू करून घेतलं. खरी डोकेदुखी फोनच्या चौकटीची. निम्म्या पेठेकडे फोन नव्हता. लोक शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे ‘पी.पी.’ लिहून शेजाऱ्याचं नाव टाकत. चौकट ते घेईना.

‘‘दोन अक्षरं आत घेतली तर काय बिघडतंय अण्णा?’’

‘‘आज दोन घेतली की उद्या ‘चौकात इचारा’ आत येतंय.’’

एवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. पण नंबर खरे आहेत का हे बघायला ते दर रविवारी एकेकाला फोन लावू लागले. शेजारीण हाक मारायची, बिचारी बाई पिठाचे हात घेऊन जिना उतरून यायची, आणि पलीकडून आवाज यायचा, ‘‘धनपाल मगदूम. फोन चालतोय का बघितलं. वजन तेवढंच हाय न्हवं? ठेवतो.’’ लोक वैतागले. काहींनी नावं काढून घेतली. शिव्या मला. मी त्यांचं नाव ‘काटा’ ठेवलं, चहाच्या गाड्यावर त्यांच्या फोनची नक्कल करून टाळ्या घेतल्या, आणि अण्णांकडून हे काम काढून घ्यावं असा विषय मंडळाच्या बैठकीत ठेवला.

बैठक व्हायच्या आधीच आमच्या सुनेला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडेच होती. रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट सहसा न मिळणारा. मी मंडळाच्या खोलीत धावलो, पण घाबरल्यामुळे पडद्यावरचं काही वाचता येईना. तिथेच बसलेल्या अण्णांनी मला बाजूला केलं, त्या गटाची नावं काढली आणि फोन फिरवला. लगेच उचलला गेला. दुसराही. ‘कोण बोलतंय?’ असं कुणी विचारलंच नाही. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. रिसीव्हरमधून मलाही ऐकू आलं, ‘‘वजन ऱ्हाऊ द्या अण्णा, कुठल्या दवाखान्यात येऊ त्येवढं सांगा.’’

रक्त मिळालं. अण्णा माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. मांडीवर जेवणाचा डबा. बाहेर अंधारून आलं तरी डबा उघडला नव्हता.

‘‘अण्णा, दिवस मावळला की.’’

‘‘मावळू दे.’’

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. दोघी सुखरूप. अण्णांचा स्वभाव माहीत असल्यामुळे मी आधी वजन विचारून घेतलं आणि त्यांच्याकडे गेलो. ‘‘अण्णा, मुलगी झाली. दोन किलो आठशे.’’

त्यांनी हातानं ते बाजूला सारलं. ‘‘त्ये ऱ्हाऊ द्या. रडली का?’’

‘‘रडली की. चांगली मोठ्यानं.’’

‘‘माझी न्हवती रडली,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तिची आईबी गेली. रक्त लागलं तवा मी तुमची वही बघून चौकात इचारत फिरत हुतो.’’

डबा तसाच उचलून ते घरी गेले.

बैठकीतला तो विषय मी मागे घेतला. ‘काटा’ हे नाव मात्र मागे घेता आलं नाही. ते आजही पेठेत आहे.

नात घरी आली, त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला. ‘‘धनपाल मगदूम. फोन चालतोय का बघितलं.’’ ते ठेवणार एवढ्यात मी म्हणालो, ‘‘अण्णा, थांबा जरा.’’ पाळण्यात पोर भुकेनं टाहो फोडत होती. मी वायर ताणून रिसीव्हर तिच्या तोंडाजवळ धरला.

पलीकडून बराच वेळ फोन ठेवला गेला नाही.