झिपरोजीचा कोरडा हौदा

एका जंगलात एक पिकअप गाडी राहत होती. त्या जंगलात प्राणीही राहायचे, मुलांनो, पण ते पूर्वीपासूनच होते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नसे. गाडी नवी होती.

गाडी विजेवर चालायची. धूर नाही, आवाज नाही. तिचा मालक होता झिपरोजी अस्वल. गाडी आली त्या दिवशी त्याने तिला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि लगेच पुसलं, कारण रंगावर डाग पडला असता. सीटवरचं प्लास्टिक त्याने तसंच ठेवलं. आलेल्या दिवशीच प्लास्टिक फाडणाऱ्यांना वस्तूची कदर नसते, हे तुम्हाला घरी शिकवलं असेलच.

या गाडीला इंजिन नव्हतं. त्यामुळे पुढच्या झाकणाखाली एक ऐसपैस कप्पा होता. मोबाइलवर बोट टेकवलं की तो उघडायचा, आणि आत पाण्याचा थेंब जात नसे. झिपरोजीने त्यात वडिलांची ताडपत्री ठेवली. वडील बैलगाडी हाकायचे आणि या ताडपत्रीखाली त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचा दाणा भिजू दिला नव्हता. इतक्या मोलाच्या वस्तूला इतकी कोरडी जागा मिळाली म्हणून झिपरोजीला भरून आलं.

मागचा हौदा मात्र उघडा होता. वर थेट आभाळ.

आता खारींकडे येऊ. त्या जंगलात खारींचा एक बचत गट होता आणि ठकूताई नावाची खार त्याची प्रमुख होती. त्या वर्षी पठारावरच्या हत्तींकडे लग्न निघालं आणि पापडांचं काम खारींना मिळालं. आजवर कुठल्याही कार्यात खारींना खारीचा वाटा मिळायचा आणि मग त्यांना घरी पाठवलं जायचं. या वेळी हत्तींनी निरोप दिला की पापड चांगले झाले तर पंगतीत तुमचंही पान मांडू. खारी कधी पंगतीत बसल्या नव्हत्या. ठकूताईने बायकांना सांगून टाकलं की लुगडी धुऊन ठेवा.

हत्तीच्या ताटात एरवीचा पापड दिसणार कसा? म्हणून खारींनी चाकाएवढे पापड लाटले. एका पापडाला सगळा गट लागायचा, एकेक जण लाटण्यावर पोट टेकून ढकलायची. वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकलता हाकलता पोरीबाळींचे आवाज बसले. उन्हाळा संपत आला तेव्हा उंच उंच टोपल्या भरून उभ्या होत्या.

ठकूताई झिपरोजीकडे गेली. तिच्या दोनच अटी होत्या. पापडाला ओल लागता कामा नये, आणि वाटेत काही झालंच तर टोपली पटकन हाताशी यायला हवी. झिपरोजी म्हणाला की ही काय सांगायची गोष्ट झाली? आणि तो तसाच उठून रंगनाथ सरड्याच्या दुकानात गेला.

रंगनाथ गाड्यांचं सजावटीचं सामान विकायचा. गिऱ्हाईक ज्या मताचं असेल त्या रंगाचा तो व्हायचा, त्यामुळे धंदा जोरात होता. त्याने हौद्यावर बसवायचं एक टणक झाकण दाखवलं. काळंभोर, गुळगुळीत, मोबाइलने बंद होणारं. आत खालून सरकत बाहेर येणारा कप्पा, कप्प्यात रबराची चटई. माल कोरडा आणि हाताशी, दोन्ही एकदम. झिपरोजीने सगळं घेतलं. कोणता माल, किती उंच, हे रंगनाथने विचारलं नाही. झिपरोजीने सांगितलंही नाही. नव्या वस्तूच्या खरेदीत असले विषय काढले की मजा जाते.

लग्नाच्या दिवशी खारींनी टोपल्या आणल्या. टोपल्या हौद्यात ठेवल्या आणि झाकण लागेना. टोपल्या झाकणापेक्षा कितीतरी उंच होत्या.

ठकूताई म्हणाली, आजच्या दिवस झाकण काढून ठेवा आणि वरून तुमच्या वडिलांची ताडपत्री बांधा. झिपरोजीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने गाडीच विकायला सांगितली. दुकानाबाहेर झाकण काढलं की गॅरंटी जाते, हे या बाईला कोण समजावणार? बराच खल झाला. शेवटी तोडगा निघाला. झाकण बंद करायचं, त्यावर चरे पडू नयेत म्हणून गोधडी अंथरायची आणि टोपल्या गोधडीवर बांधायच्या.

म्हणजे, मुलांनो, हौद्यात काहीच नव्हतं आणि ते काहीच अगदी कडेकोट बंद होतं.

गाडी निघाली. ठकूताईला पुढे बसायचा मान मिळाला. प्लास्टिकला नखं लागू नयेत म्हणून तिच्याखाली रद्दीचा पेपर घातला होता. बाकीच्या खारी धुतलेली लुगडी सावरत झाडांवरून येत होत्या.

घाटाच्या मध्यावर आभाळ भरून आलं. वळीव होता तो, टपोरे थेंब पडायला लागले. ठकूताईने गाडी थांबवायला लावली, खाली उडी मारली आणि टोपल्यांकडे धावली. गाठी उंचावर होत्या आणि झाकणावर पाय द्यायची मनाई होती. ती परत पुढे आली.

"झिपरोजीभाऊ, ताडपत्री काढा."

"आत्ता?" झिपरोजी म्हणाला. "या पावसात? भिजेल ना ती."

ठकूताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा सांगितलं. झिपरोजीने तिला शांतपणे, लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. कप्पा उघडला की पाणी आत जाणार. आत विजेच्या वायरी. शिवाय ताडपत्री ही वडिलांची आठवण. पाऊस थांबला की लगेच काढू, त्याचा शब्द होता.

झाडांवरून खारी खाली आल्या. त्यांनी गोधडी ओढून टोपल्यांवर घालायचा प्रयत्न केला. गोधडी टोपल्यांखाली दबलेली होती. मग त्यांनी लुगडी सोडली आणि टोपल्यांवर पांघरली. लुगडी किती ती, आणि पाऊस केवढा.

ठकूताई रस्त्यात उभी राहून रडली. आख्ख्या उन्हाळ्याचं ऊन त्या टोपल्यांत भरलेलं होतं आणि ते तिच्यासमोर पिठाच्या पाण्यासारखं गाडीच्या काळ्याभोर झाकणावरून ओघळत होतं. झिपरोजीलाही वाईट वाटलं. त्याने खिडकीची काच थोडी खाली करून तसं सांगितलं, आणि सीट भिजायला लागली म्हणून पुन्हा वर केली.

पठारावर पोहोचेपर्यंत पाऊस थांबला होता. टोपल्या आणि गोधडी खाली उतरवली, तर टोपल्यांत उडदाचा लगदा होता. हत्तींकडचे यजमान, दंतोबा, सोंड घालून पाहून आले आणि म्हणाले की खारींनी हवामान बघून पापड लाटायला हवे होते. मोठ्या कामाला लहान माणसं लावली की असंच होतं, असंही म्हणाले. मग त्यांची नजर गाडीवर गेली.

झिपरोजीने मोबाइलवर बोट टेकवलं. झाकण सर्रकन उघडलं. सरकता कप्पा बाहेर आला. दंतोबांनी रबराच्या चटईवरून सोंड फिरवली.

"खडखडीत कोरडा," ते म्हणाले.

सगळं वऱ्हाड जमलं. प्रत्येकाने हात लावून पाहिला. नवरदेव म्हणाला की आपणही अशीच गाडी घेऊ. रंगनाथ सरडा लग्नाला आलेलाच होता. तो त्या वेळी अक्षतांच्या रंगाचा होता, त्याने तिथल्या तिथे मागण्या लिहून घेतल्या. झिपरोजीला शाल मिळाली. पंगतीत खारींसाठी राखलेलं पान त्याच्यासमोर वाढलं गेलं. पापड नाही म्हणून तो थोडा हळहळला, पण जेवला.

खारी मांडवाबाहेर ओल्या लुगड्यांत उभ्या होत्या. परतताना गाडीतून सोडतो असं झिपरोजीने स्वतःहून सांगितलं, पण ओल्या टोपल्या झाकणावर चालणार नव्हत्या. ठकूताईने एक टोपली डोक्यावर घेतली. तेवढ्यात तिला पुढचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं.

झिपरोजीने शब्द पाळला होता. पाऊस थांबला होता आणि त्याने ताडपत्री बाहेर काढली होती. घडी मोडलेली नव्हती, एक थेंब लागलेला नव्हता. त्याने ती झटकली, चारी टोकं ओढून नीट बांधली आणि गाडीवर घातली. झाडांवरून अजून पाणी ठिबकत होतं, आणि गाडी नवी होती.

तात्पर्य: माल कोरडा राहील का, ही चिंता करत बसू नये. गाडी कोरडी राहिली म्हणजे झालं. आणि गाडी कोरडी ठेवायची तर तिच्यात माल भरू नये.